न मोजलेलं जग

एक अख्खं जग डोक्यात घेऊन औषधांच्या दुकानात आठ तास उभं राहून बघा, म्हणजे कळेल. समोरचा माणूस खोकल्याचं औषध मागत असतो आणि मी मनात म्हणत असते, अरे बाबा, खोकतोस काय, माझ्याकडे आत्ता नवा डोंगर उगवलाय! एका आजोबांना गोळी कधी घ्यायची ते सांगताना 'सकाळी, राक्षस उठायच्या आत' असं अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावली म्हणून वाचले.

प्रकरण असं की आम्ही चौघं दर रविवारी दुपारी टेबलाभोवती बसून एक गोष्ट खेळतो. मी, माझा नवरा, माझी नणंद आणि खालच्या मजल्यावरचा वायरमन. एकाने जग रचायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी धिप्पाड योद्धा. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, जमलं की फसलं ते तोच सांगतो. असा एक खेळ वर्ष-वर्ष चालतो. अकरा वर्षं जग रचायचं काम नवऱ्याकडे होतं. तो सिटी बस चालवतो, त्यामुळे त्याच्या जगातले सगळे रस्ते फिरून फिरून शेवटी एकाच ठिकाणी येतात. शेवटच्या खेळात आम्ही ड्रॅगनच्या गुहेपर्यंत पोचलो, तर गुहेच्या तोंडाशी रांग! मी म्हटलं, बास. आता माझी पाळी.

माझं जग नवंकोरं होतं. देवांनी काल-परवा घडवून वाळत घातलेलं. पडके किल्ले नाहीत, हजार वर्षांचे शाप नाहीत, कुठला म्हातारा राजा मरायला टेकलेला नाही. कशालाच नाव नाही, कारण कुणी कुठे गेलेलंच नाही. जो पहिल्यांदा बघेल त्याने नाव ठेवायचं. आणि या जगाचं एक गुपित होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. ही जमीन अजून वाढत होती. अंगणातल्या पोरासारखी, रोज थोडी थोडी. आज हजार पावलं असलेलं अंतर उद्या हजार वीस, परवा हजार चाळीस. खेळणाऱ्यांना आधी पत्ताच लागणार नव्हता. मग हळूहळू परतीची वाट लांब वाटायला लागेल, शिदोरी पुरेनाशी होईल, आणि सहा महिन्यांनी एकदम कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडेल. त्या क्षणी त्यांचे चेहरे कसे होतील ते डोळ्यांसमोर आणून मी दुकानात एकटीच हसायची. मालकांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आता असल्या जगाला नकाशा हवा. आणि आमच्या घरात नकाशा काढणारं माणूस बसलेलं होतं, म्हणजे माझ्या सासूबाई.

सासूबाईंनी चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढले. बाहेर फिरून मोजायचं काम मोजणीदारांचं, आणि त्यांनी आणलेले आकडे कागदावर शाईने उतरवायचं काम यांचं. रेघ अशी की केसाने मारल्यासारखी. मग दीड वर्षापूर्वी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, वयाने होतं. पण ऑफिसने शेवटचे आठ महिने त्यांना फायलींवर नंबर टाकायला बसवलं आणि तशाच त्या निवृत्त झाल्या. पेनांची पेटी कपाटावर गेली ती गेलीच. घरात कुणी त्या पेटीचं नाव काढायचं नाही असं न ठरवता ठरलं. सासूबाई दिवसभर खिडकीपाशी बसून समोरच्या बांधकामावरच्या लोकांना 'भिंत तिरकी चाललीये' असं बसल्या जागेवरून सांगायच्या, आणि ती खरंच तिरकी चाललेली असायची.

खोटं कशाला बोलू? मला नकाशा हवा होता, पण त्याहून जास्त ती पेटी खाली यायला हवी होती.

एका सकाळी, दुकानाला निघायच्या आधी, मी विषय काढला. "आई, मला एक नकाशा काढून द्याल? आमच्या खेळासाठी. अगदी नवीन जग आहे, अजून कुणीसुद्धा तिथे गेलेलं नाही."

"कुणी गेलेलं नाही, मग मोजलं कुणी?"

"मोजलेलं नाहीच. मनाने काढायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना बँक लुटायला चला म्हणाले. "मनाने? चौतीस वर्षांत न मोजलेली एक रेघ मारली नाही मी. साहेबांनी सांगितलं तरी नाही. आता काय तुझ्या राक्षसांसाठी मारू?"

मला वाटलं, हे निमित्त. हात थरथरतो ते सांगायचं नाही म्हणून तत्त्व पुढे केलंय. आणि मग मी जे बोलले ना, त्यासाठी मला कुणीतरी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "पेन्सिलने काढा हो नुसतं. वरून शाई मी फिरवेन."

झालं! "माझ्या रेघेवर तू शाई फिरवणार?" एवढंच म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. दोन दिवस अबोला. म्हणजे माझ्याशीच फक्त. नवऱ्याशी मुद्दाम दुप्पट बोलत होत्या, मी ऐकावं म्हणून. मलाही राग आला होता. एवढं काय वाकडं बोलले मी? पण राग येऊन करणार काय, वाकडंच बोलले होते.

तिसऱ्या दिवशी मी भांडी विसळत होते तर मागून आवाज आला. "तुझ्या त्या जगात मोजणारं एकही माणूस नाही?"

"नाही," मी मागे न बघता म्हटलं.

"मग पाठव की कुणाला तरी."

ताट हातातच राहिलं माझ्या. नळ तसाच वाहत होता. पाठव की! अगं बाई, एवढी साधी गोष्ट! जगाचा नकाशा आधी कशाला हवा? खेळणारेच मोजणीची टोळी! ते चालतील, पावलं मोजतील, दिशा बघतील, आणि ते सांगतील तसतसा नकाशा तिथल्या तिथे, टेबलावर, सगळ्यांसमोर तयार होईल! मी ओल्या हातांनी त्यांचे खांदेच धरले. "आई, तुम्ही बसणार टेबलाशी? ते मोजून आणतील, तुम्ही काढाल?"

"साडी भिजवलीस," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मोजून आणलं तर काढेन."

त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे काय सांगू! रोज सकाळी नवरा बस घेऊन गेला की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी खेळाचे नियम सांगायची, त्या मोजणीचे. टोळीत कुणी काय करायचं ते त्यांनीच वाटून दिलं. एकाने पावलं मोजायची, एकाने होकायंत्र धरायचं, एकाने कोपऱ्यावर खुणेचा दगड ठेवायचा. "आणि चढावर नीट लक्ष ठेव. आमच्याकडे एक मोजणीदार होता, त्याच्या नकाशात चढणीची अंतरं नेमकी कमी यायची. खाली झाडाखाली बसून अंदाजाने लिहायचा लबाड." मी लगेच नियम केला: फासा चांगला पडला तर मोजणी अचूक. वाईट पडला तर टोळी झाडाखाली बसली असं समजून दिवस फुकट, पुन्हा मोजा. सासूबाईंना हा नियम इतका आवडला की त्या लबाड मोजणीदाराचं नाव घेऊन त्या हसल्या. दीड वर्षात त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. 

पहिल्या रविवारी टोळी एका तळ्याला फेरी मारणार होती. मी तळं चौकोनी ठेवलं होतं, कारण तिरक्या रेघांचा हिशोब मला येत नाही.

"चौकोनी तळं कुठे असतं का?"

"नवीन जग आहे, आई. कोपरे अजून झिजले नाहीत."

हे त्यांना पटलं! पण मग त्यांनी एक अट घातली. "पुढे काय आहे ते मला आधीच सांगायचं नाही. एकदा माहीत झालं की हात आपोआप तिकडे जातो. ते जेवढं आणतील तेवढंच मला कळायला हवं." 

मी आनंदाने हो म्हटलं. आणि इथेच मी माती खाल्ली. गुपित खेळणाऱ्यांपासून लपवायचं होतं तेव्हा चिंता नव्हती. आमच्यातला एकही जण आकडे लिहून ठेवणारा नाही. पण आता ते आकडे अशा बाईच्या हातात जाणार होते, जी अर्ध्या मिलिमीटरसाठी अख्खा कागद फाडायची. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. औषधाच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारी मी!

रविवार उजाडला. दोन वाजता सगळे टेबलाशी. सासूबाई आतून आल्या त्या पेटी घेऊनच. नवऱ्याने पेटी बघितली आणि काहीतरी बोलणार होता, पण नणंदेने टेबलाखालून त्याला लाथ घातली. नणंद दातांची डॉक्टर आहे, तिला तोंडं वेळेवर बंद करता येतात.

सासूबाईंनी कागद चिकटपट्टीने चारही बाजूंनी टेबलाला चिकटवला. पट्टी, कोनमापक, पेन. शंभर पावलांना एक सेंटिमीटर असं प्रमाण वरच्या कोपऱ्यात लिहिलं. आणि मग उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून, श्वास रोखून, पहिल्या दगडाची खूण केली. हात थरथरत होता. सगळ्यांना दिसत होता. कुणी बघत नव्हतं, म्हणजे बघत नसल्याचं दाखवत होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "कुठे निघालात?"

आणि खेळ सुरू झाला! धुकं विरलं आणि टोळीला समोर तळं दिसलं. वायरमन खुर्चीतून उडालाच, "आधी मी! आधी मी पाहिलं!" त्यामुळे तळ्याचं नाव 'आधी मी' असंच पडलं, आणि सासूबाईंनी ते मन लावून सुबक अक्षरांत लिहिलं. पहिला दिवस, पूर्व किनारा: फासा सतरा, अंतर दोन हजार पावलं. दुसरा दिवस, उत्तर किनारा: चिखलातून निळ्या पाठीचं काहीतरी निघालं, नवऱ्याने त्याला आधी धपाटा घातला आणि मग नाव ठेवलं. फासा पंधरा, अंतर एक हजार पाचशे तीस. तिसरा दिवस, पश्चिम किनारा: नणंदेच्या जादूगारणीने जगातलं पहिलं गाणं म्हटलं, कारण तोवर तिथे कुणीच गायलं नव्हतं. बेसूर म्हटलं, पण पहिलंच ना, तुलना कुणाशी करणार! फासा अठरा, दोन हजार ऐंशी. चौथा दिवस, दक्षिण किनारा: फासा सोळा, एक हजार पाचशे नव्वद. प्रत्येक रेघ कागदावर उमटली की तिघंही माना वाकवून बघायचे. जिथे मघाशी पांढरं होतं तिथे किनारा! मी इतकी खूश होते की मला बसवत नव्हतं, मी उभ्यानेच खेळ चालवत होते.

"आलो की परत पहिल्या दगडापाशी," वायरमन म्हणाला. "फेरी पूर्ण. जोडा मावशी."

सासूबाईंनी चौथी रेघ ओढत आणली. आणि थांबल्या.

रेघ दगडापाशी आलीच नव्हती. दोन्ही टोकांमध्ये चांगली एक सेंटिमीटर फट. टोळी पहिल्या दगडाला हात लावून उभी होती आणि कागदावर मात्र शंभर पावलं लांब होती.

फासे चारही चांगले पडले होते, म्हणजे मोजणी अचूक, नियमच तसा होता. मीच केला होता. मग चूक उरली कुणाची? तिघांच्याही नजरा एकदाच, नकळत, त्या हातावर गेल्या आणि लगेच दुसरीकडे वळल्या. सासूबाईंनी ते पाहिलं. पेनाला टोपण घातलं आणि हळूच म्हणाल्या, "हात राहिला नाही माझा."

तिथे एकट्या मला माहीत होतं की हात बरोबर आहे. फट माझी होती! माझी जमीन चार दिवस वाढत होती आणि त्यांनी ते वाढणं मिलिमीटरपर्यंत बरोबर काढलं होतं. नवरा "अगं आई, एवढंसं तर आहे, चालतंय" म्हणाला, आणि मला त्याला चिमटा काढावासा वाटला. चालतंय म्हणे! ती पेटी आता मिटली तर पुन्हा कधीच उघडणार नव्हती. खड्ड्यात गेलं गुपित, म्हटलं सांगून टाकावं.

"आई, ऐका, ते—"

"थांब. तू बोलू नकोस."

त्या कागदाकडे बघत होत्या. मघाची मान खाली घातलेली बाई नव्हती ती. कपाळाला आठी पडली होती, तिरक्या भिंतीकडे बघताना पडते तीच. त्यांनी पट्टी घेतली, चारही बाजू पुन्हा मोजल्या, आकडे समासात लिहिले. मग थरथरता हात सगळ्यांच्या समोर टेबलावर ठेवला.

"हा बघा. हा हलतो ना, तो दोन्हीकडे हलतो. इकडे थोडा, तिकडे थोडा. एकाच दिशेला शंभर पावलं चालत जात नाही." बोट रेघांवरून फिरायला लागलं. "पश्चिमेचा किनारा पूर्वेपेक्षा ऐंशीने लांब. दक्षिणेचा उत्तरेपेक्षा साठने. जी बाजू मागाहून मोजली, ती लांब. माझ्या हाताला काय कळतंय कुठला दिवस कितवा ते?"

नणंदेचं तोंड उघडंच राहिलं.

"पहिली बाजू पुन्हा मोजा," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, दमलोय हो आम्ही," वायरमन कुरकुरला. "चार दिवस चालतोय."

"मोजा म्हटलं ना!"

त्याने फासा टाकला. एकोणीस. मग चौघांनीही माझ्याकडे बघितलं. मी दोन हजार म्हटलं असतं तर गुपित वाचलं असतं. सहा महिन्यांचा खेळ, माझी लांबणारी वाट, संपणारी शिदोरी, सगळं शाबूत राहिलं असतं. दुकानात उभं राहून रचलेलं एकेक प्रकरण माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. जीव तुटत होता, खोटं नाही सांगत. 

"दोन हजार एकशे साठ," मी म्हटलं.

मग नवरा इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला ठोकलं. "वाढतेय! जमीन वाढतेय!" वायरमन टेबलावर बुक्क्या मारत होता, "मी अंघोळीला उतरलो होतो ना तळ्यात, मोठं होतंय ते, मोठं!" नणंद उठून आईच्या गळ्यातच पडली आणि कागदाला धक्का लागला म्हणून बोलणी खाल्ली. तिघं एकाच वेळी बोलत होते. मग डोंगर? मग समुद्र? मग आपण जिथून निघालो ते घर आता केवढं लांब असेल? सहा महिन्यांचं गुपित तीन तासांत फुटलं होतं आणि ते चेहरे, जे डोळ्यांसमोर आणून मी महिनाभर हसत होते, ते आत्ता, पहिल्याच रविवारी, माझ्यासमोर होते. माझे डोळे भरून आले. रडलेच मी, त्यात लपवायचं काय.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हीच म्हणाला होतात, आई, की आधी सांगायचं—"

"बरोबर केलंस." एवढं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. चिकटपट्टी सोडवून कागद बाजूला घेतला, उलटा केला, हाताने त्याची रुंदी मापली आणि नाक मुरडलं. "रोज वाढणार म्हणजे हा आठवडाभरसुद्धा पुरायचा नाही. याच्या दुप्पट हवा. नाही, चौपट. आणि जाड आण, पातळ कागदावर शाई पसरते. उभी काय राहिलीस? दुकान साडेपाचला बंद होतं."

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरत सुटले. मागून वायरमन ओरडत होता की सहावा दिवस मी आल्याशिवाय सुरू करणार नाही, आणि सासूबाई त्याला सांगत होत्या की तोवर बसून न राहता आत्ता उभे आहात त्या दगडापासून शंभर पावलांवर आणखी एक दगड ठेवा, म्हणजे उद्या त्या दोघांमधलं अंतर मोजता येईल.